इंजिन चालू, जीप उभी

कमलनगरच्या स्टँडावर बाबूलालची जीप ज्याला माहीत नाही, तो हमखास फसतो. इंजिन चालू असतं, बाबूलाल एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून "चला चिंताकी, निघाली, निघाली" असं चिंताकी गावाचं नाव घेऊन ओरडत असतो. माणूस चहा अर्धा टाकून पळत येतो, बसतो आणि मग बसूनच राहतो. बारा माणसं भरल्याखेरीज ती जीप जागची हलत नाही. इंजिन चालू ठेवायचं ते फक्त माणसं ओढायला.

रिकाम्या जीपमध्ये पहिलं कुणी चढत नाही, यावरही बाबूलालनं तोड काढली होती. आपल्या सहा वर्षांच्या लेकीला मांडीवर पिशवी देऊन तो खिडकीशी बसवायचा. लेकीनं गावाला जायला उशीर झाल्यासारखं तोंड करायचं. अकरावं माणूस चढलं की ती मागच्या दारातून उडी मारून घरी जायची, आणि तिच्या जागेवर बारावं बसायचं. म्हणजे इंजिन चालू असणं आणि जीप निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या लेकीला, प्रेरणाला, पाढ्यांच्याही आधी कळलं होतं. आणि तरीही सव्विसाव्या वर्षी ती नेमकी तिथंच फसली.

प्रेरणा जात्याच संशयी. दिवा विकत घेतला तर दुकानातच लावून बघणार, लग्नाची पत्रिका आली की तारखेचा वार कॅलेंडरशी ताडून बघणार. तिची आई कोंडाबाई कपाळाला हात लावून म्हणायची, "हिला नवरा दाखवला तर त्यालाबी आधी चालवून बघंल." गावातल्या विहारात कुणीतरी देणगी दिलेला एक जुना संगणक होता. त्याच्यावर बोटं चालवायला शिकून ही पोरगी बीदरला शिकली, आणि हैदराबादच्या एका लहानशा कंपनीत परीक्षक म्हणून लागली. परीक्षक म्हणजे इतरांनी केलेल्या प्रोग्रामवर संशय घ्यायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. स्वभावाला इतकं साजेसं काम फार थोड्यांना मिळतं.

काम ती कमलनगरातूनच करायची. स्टँडासमोर मल्लप्पाचं जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे, त्याच्या माडीवर तिनं एक खोली घेतली होती. मोबाइलचं नेटवर्क तिथं चांगलं मिळायचं आणि खाली मल्लप्पाचा इन्व्हर्टर होता. कंपनीनं तिच्याकडं सोपवलेलं काम सापाच्या औषधाचं होतं. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या चाळीस सरकारी दवाखान्यांत कुठं सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत, हे प्रत्येक दवाखान्यातल्या पडद्यावर दिसायला हवं होतं. सिस्टरनं पडदा बघायचा आणि जवळ जिथं लस आहे तिथं माणसाला पाठवायचं, एवढीच योजना. तीन दवाखान्यांत ती वापरून बघणं चालू होतं आणि सप्टेंबरातल्या एका सोमवारपासून चाळीसही ठिकाणी सुरू व्हायची होती.

हा प्रोग्राम कंटेनरमध्ये भरलेला होता. प्रोग्रामला जे जे लागतं ते सगळं एका बंद खोक्यात बांधून द्यायचं, म्हणजे कुठल्याही मशीनवर ते खोकं तसंच उघडतं. प्रेरणाचं काम ते खोकं तपासायचं. पायथन या संगणकाच्या भाषेत त्यासाठी लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, मिळते. चार ओळी लिहिल्या की ती कंटेनर उभा करते, तो उत्तर द्यायला लागेपर्यंत थांबते, त्याला प्रश्न विचारते, उत्तर ताडून बघते आणि शेवटी तो बंद करून पुसून टाकते. दर दवाखान्याची मांडणी निराळी, म्हणून चाळीस वेळा हेच करायचं. कंटेनर उठून त्याच्यात कुप्यांची यादी भरायला सव्वा मिनिट लागायचं. सगळी तपासणी पंचावन्न मिनिटांची.

आणि मल्लप्पाचा इन्व्हर्टर टिकायचा चाळीस मिनिटं.

एप्रिलमध्ये लाइट दिवसातून तीनदा जायची. प्रेरणाच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळं इन्व्हर्टर बसला की लॅपटॉपही बसायचा आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस असं झाल्यावर पाचव्या दिवशी ती वैतागली आणि तिनं एक ओळ बदलली. 'उत्तर देईपर्यंत थांब' ही ओळ काढून तिथं 'चालू आहे का एवढं बघ' असं लिहिलं. यादी तिनं आपल्याच हातानं आत घातली, म्हणजे उत्तर लगेच बरोबर यायला लागलं. पंचावन्न मिनिटांचं काम आठ मिनिटांत आटोपलं, चाळीसच्या चाळीस हिरव्या खुणा. लाइट सुधारली की ओळ परत घालू, असं तिनं मनाशी म्हटलं होतं. पावसाळ्यात लाइट सुधारली. ओळ तशीच राहिली.

सप्टेंबरातल्या त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी सव्वादोनला तिचा फोन वाजला. बाबूलाल होता. मागं इंजिनाचा आवाज आणि कुणाचं तरी कण्हणं ऐकू येत होतं.

"पोरी, ऐक. आपल्या राजूबाईला साप चावलाय. सोयाबीनच्या रानात."

राजूबाई म्हणजे बाबूलालच्या जीपमधली दर गुरुवारची बाजारची बाई. पेरूची पाटी पायाशी ठेवायची आणि एक पेरू न चुकता प्रेरणासाठी वर पाठवायची.

"दवाखान्यात नेलं का, अप्पा?"

"चिंताकीच्या दवाखान्यात नेलतो की. शैलश्री सिस्टर हाय तिथं. तिच्याकडची लस परवाच संपली. ती तुझ्या मशीनीत बघितली, मशीन म्हणायलंय जवळपास कुठंच न्हाई. कमलनगरला फोन लावली, कुणी उचलंना. बीदरला न्या म्हणाली. आता फाट्यावर उभा हाव."

फाट्यावरून उजवीकडं कमलनगर अर्धा तास. डावीकडं बीदर दीड तास.

"मंगळवारी कमलनगरच्या दवाखान्यात लसीच्या पेट्या उतरवल्या," बाबूलाल म्हणाला, "माझ्याच जीपमधनं. म्या डोळ्यानं बघितलो. पण तुझं मशीन न्हाई म्हणायलंय. तूच सांग, कुणीकडं वळू? मशीन तुझं हाय म्हणून इचारायलोय."

प्रेरणानं लॅपटॉप पुढं ओढला. स्वतःच्या हातानं उतरवलेल्या पेट्यांपेक्षा या माणसानं लेकीच्या मशीनवर जास्त भरवसा टाकला होता. कमलनगरला ये म्हणून सांगावं आणि त्या पेट्या तीन दिवसांत संपलेल्या असाव्यात, तर बाईचा एक तास तिथंच जाणार. बीदरला जा म्हणावं आणि लस इथं पडून असावी, तर तो तास वाटेत जाणार.

"अप्पा, सिस्टरनं बघितलं तेव्हा लाइट होती का?"

"तवाच आलती. आली अन् तिनं बघितली."

प्रेरणानं दोन ओळी टाइप केल्या. त्या दवाखान्याचा कंटेनर तिनं आपल्या लॅपटॉपवर उभा केला, या वेळी यादी हातानं न घालता. 'चालू', पडद्यावर हिरवं अक्षर उमटलं. तिनं लगेच प्रश्न विचारला, कुप्या कुठं आहेत? उत्तर आलं, रिकामी यादी. सिस्टरला दिसलं ते हेच.

"कामून गप हाईस? बाई निळी पडायलीय."

"थांबा अप्पा. एक मिनिट. इंजिन चालू ठेवा."

तिनं पुन्हा विचारलं. रिकामी. फोनमध्ये राजूबाई पाणी मागत होती आणि कुणीतरी तिला झोपू देऊ नका म्हणून ओरडत होतं. वीस सेकंद. पुन्हा रिकामी. घाईत तिचं बोट दुसऱ्याच बटणावर पडत होतं. चाळीस सेकंद. रिकामी. आपण उगाच एका बाईचा जीव टांगणीला लावून बसलोय, यादी खरंच रिकामी असेल, असं तिला वाटायला लागलं. पासष्ट सेकंद. रिकामी. पंचाहत्तराव्या सेकंदाला यादी भरली. पहिलीच ओळ होती कमलनगर, चौदा कुप्या, नोंद आज सकाळी दहाची.

"उजवीकडं!" ती एवढ्यांदा ओरडली की खाली मल्लप्पानं मान वर केली. "अप्पा, कमलनगर! चौदा हाईत!"

जीप वळल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

प्रेरणा खुर्चीतच बसून राहिली. तिला रडू आलं, आणि रडू येण्याआधी राग आला, तोही स्वतःचाच. लाइट आल्या आल्या कंटेनर उठतो. इंजिन चालू होतं. यादी भरायच्या आधीच तो ऐटीत म्हणतो, लस कुठंच नाही. आणि ही गोष्ट पकडण्यासाठी पगार घेणाऱ्या बाईनं एप्रिलमध्ये स्वतःच ती पकडणारी ओळ खोडून टाकली होती. वर यादी आपल्या हातानं आत बसवली होती, खिडकीशी पिशवी घेऊन बसवलेल्या पोरीसारखी.

तिनं हैदराबादला शिवप्रसादला फोन लावला. शिवप्रसाद तिचा साहेब, मूळचा इकडच्याच मंठाळ गावचा. चिडला की त्याचं गाव त्याच्या जिभेवर यायचं. तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं, आणि हेच कंपनीला मेलवर लिहून देते म्हणाली.

"प्रोग्राम मी तासाभरात दुरुस्त करतो," तो म्हणाला. "यादी भरेपर्यंत 'न्हाई' म्हणायचं न्हाई, 'थांबा' म्हणायचं. ते सोपं हाय. पण पाच वाजता सगळं दवाखान्यांकडं पाठवायचंय. सोमवारी उद्घाटन हाय, तारीख हलत न्हाई. पाचच्या आत चाळीसही दवाखान्यांची पूर्ण तपासणी दाखव. न दाखवलीस तर तपासल्याबिगर नवीन म्या पाठवणार न्हाई. जुनंच जाईल."

"जुनं खोटं बोलतंय, सर."

"चिठ्ठी लावू. पडदा रिकामा दिसला तर दोन मिनिटं थांबा म्हणून."

"साप चावलेली बाई घेऊन आलेला माणूस चिठ्ठी वाचायला थांबतोय व्हय?"

"मग पाचच्या आत दाखव." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "आणि मेलमध्ये तुझं नाव कशाला टाकतीस? 'तांत्रिक अडचण' लिही. पुढच्या महिन्यात तुला कायम करायचंय."

"तांत्रिक अडचणीला फोन येत न्हाई, सर. मला आला."

मेलमध्ये तिनं लिहिलं: एप्रिलमध्ये मी तपासणीतली थांबायची ओळ काढली आणि नंतर परत घातली नाही. खाली नाव टाकलं. पाठवायची कळ दाबताना तिला घरची भिंत आठवली. तिथं पगाराच्या पहिल्या कागदाला कोंडाबाईनं फ्रेम केली होती.

साडेतीनला शिवप्रसादनं दुरुस्त केलेला प्रोग्राम आला आणि साडेतीनलाच लाइट गेली. तारा दुरुस्तीला काढल्यात, साडेपाचशिवाय येत नाही, असं मल्लप्पानं खालून सांगितलं. प्रेरणानं ओळ परत घातली, हातानं भरलेली यादी काढून टाकली, आणि दहा-दहा मिनिटांनी कमलनगरच्या दवाखान्यात फोन लावत राहिली. तिथंही कुणी उचलत नव्हतं. बाबूलालचा फोन बंद होता. राजूबाई आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता. दवाखाना स्टँडापासून पंधरा मिनिटांवर, पण उठून गेलं तर तपासणी राहणार. ती दोनदा जिन्यापर्यंत गेली आणि दोनदा परत आली.

तीन पन्नासला तिनं तपासणी सुरू केली. पंचावन्न मिनिटं म्हणजे पावणेपाच. इन्व्हर्टर साडेतीनपासून चाललेला, म्हणजे चार दहाला बसणार. हा हिशेब तिला सुरू करतानाच माहीत होता. पण लाइटची वाट बघत बसली असती तर तपासणी झालीच नसती. आणि आठ मिनिटांची ती जुनी पायवाट फक्त एका ओळीवर होती. तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही, असं तिनं ठरवलं.

एक दवाखाना. दोन. प्रत्येक कंटेनर उठायचा, लायब्ररी त्याला विचारत राहायची, तो 'थांबा' म्हणायचा, थांबा, थांबा, मग यादी यायची आणि हिरवी खूण पडायची. चार वाजता सातवा पूर्ण झाला. चार पाचला, दहावा पुरा झाल्यावर, खाली इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला.

"मल्लप्पाण्णा, आणखी बॅटरी हाय का?"

"बसक्या हाईत सगळ्या, अक्का," मल्लप्पा म्हणाला. "भरलेली बॅटरी फक्त गाडीत सापडंल."

प्रेरणानं गॅलरीत येऊन स्टँडाकडं बघितलं. बाबूलालची जीप उभी होती. इंजिन चालू होतं. नऊ-दहा माणसं बसलेली. बाबूलाल मात्र ओरडत नव्हता, बॉनेटला टेकून नुसता उभा होता. त्याला तसं गप्प उभं बघून राजूबाई गेली, असंच तिला वाटलं.

"अप्पा!"

त्यानं वर बघितलं. "फोन बसला माझा," तो ओरडला. "हाय बाई. चार सुया दिल्या. डॉक्टर म्हणाला, बरं झालं लवकर आणलात. आता चहा मागायलीय."

खाली इन्व्हर्टर कुईकुई करतच होता. "अप्पा, गाडी हितं आणा! दुकानाला तोंड लावून. लगेच!"

कामून म्हणून बाबूलालनं विचारलं नाही. दहा माणसांसकट जीप घेऊन तो आला आणि मल्लप्पाच्या दुकानाला जवळजवळ नाक टेकवून उभा राहिला. मल्लप्पानं जाड वायरी काढल्या.

"लालला लाल, काळ्याला काळा," तो स्वतःशीच पुटपुटत होता. "ठिणगी पडली की इन्व्हर्टर बसलाच. इंजिन बंद करू नको, बाबूलालण्णा. हललास तर वायर निघंल."

चार आठ. पहिला चिमटा बसला. दुसरा बसेना, टोकाला गंज होता. मल्लप्पानं तो लुंगीला घासला. कुईकुई आता अखंड चालली होती आणि वर पंख्याचं पातं मंदावलं. प्रेरणा जिन्याच्या मधोमध उभी राहून एकदा खाली, एकदा वर बघत होती. चिमटा टेकला, बारीक ठिणगी उडाली, पंखा एकदा गचकला, आणि कुईकुई थांबली.

ती धावत वर गेली. तेरावा दवाखाना चालूच होता. 'थांबा', पडदा म्हणाला. 'थांबा.' मग हिरवी खूण.

खाली जीपमध्ये कुरकुर सुरू झाली. पुढच्या सीटवरचे हावगेप्पा मास्तर निवृत्त असले तरी घड्याळ त्यांना सुटलेलं नव्हतं. "बाबूलाल, कवा निघणार? मघाधरनं नुसतं इंजिन चालू ठेवलास."

"निघतो, मास्तर."

"हे तर तुझं रोजचंच."

"रोजचं खोटं असतंय," बाबूलाल म्हणाला. "आजचं खरं हाय. वर पोरीचं मशीन चाळीस दवाखान्यांना इचारायलंय. मधीच बंद पडलं तर सोमवारी तुमच्या गावच्या दवाखान्यात बी लस असून न्हाई म्हणंल. राजूबाईचं ऐकलाव न्हाई का?"

मास्तरांनी ऐकलं होतं. दुपारीच साऱ्या स्टँडानं ऐकलं होतं. मागच्या एका बाईनं विचारलं, "किती झाले?" बाबूलालनं वर बघून तोच प्रश्न विचारला आणि प्रेरणानं गॅलरीतून ओरडून सांगितलं, "एकोणीस!"

मग दर थोड्या वेळानं तेच चालू राहिलं. सव्वीस. एकतीस. जीपमध्ये अकरावं माणूस येऊन बसलं आणि त्यालाही काय चाललंय ते सांगितलं गेलं. चौतिसाव्याला पडदा दीड मिनिट झालं तरी 'थांबा'च म्हणत राहिला, तेव्हा प्रेरणानं डोळे मिटून घेतले. शंभराव्या सेकंदाला तिथलीही यादी आली. कसं का असेना, तो खोटं बोलला नव्हता. थांबा म्हणाला आणि थांबला.

चार सत्तेचाळीसला चाळिसावी खूण पडली. चार एक्कावन्नला तिनं सगळं हैदराबादला पाठवलं. पाचला तीन मिनिटं कमी असताना शिवप्रसादचा फोन आला.

"नवीन पाठवलं," तो म्हणाला. "तुझा मेल सगळ्यांनी वाचला. कायम करायचं सहा महिने पुढं गेलं, प्रेरणा. म्या काही करू शकलो न्हाई."

"बरं, सर."

"आणि ती ओळ..."

"आता हात लावणार न्हाई."

तिला वाईट वाटलं. सहा महिने म्हणजे कोंडाबाईला काय सांगायचं, हे अजून ठरलेलं नव्हतं. पण ती गॅलरीत आली तेव्हा मल्लप्पा चिमटे काढत होता आणि जीपमधली सगळी तोंडं वर वळलेली होती.

"झालं का गं?" मास्तरांनी विचारलं.

"झालं, मास्तर. चाळीस."

बाबूलालनं लेकीकडं बघितलं. त्यानं डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि जीपमध्ये चढला. आत अकरा माणसं होती. खिडकीजवळची जागा, जिथं प्रेरणा लहानपणी पिशवी घेऊन बसायची, ती रिकामी होती. त्यानं एकदा तिकडं बघितलं. स्टँडावर दोन माणसं चहा पीत उभी होती, एक हाक मारली असती तर आली असती.

बाबूलालनं हाक मारली नाही. ती जागा रिकामी ठेवूनच तो निघाला.